सफारीला जरूर जा, पण त्याला शिक्षण म्हणू नका

२०२३च्या अखेरीस आयआयटी मद्रासचं झांझिबार संकुल सुरू झालं. भारताबाहेरची ही पहिली आयआयटी. तेव्हापासून पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत आणि करिअर मार्गदर्शनाच्या व्याख्यानांनंतरच्या प्रश्नोत्तरांत एक वाद अधूनमधून डोकं वर काढतो: आफ्रिकेत कुणी शिकायला जातं का? एक बाजू खो खो हसते. तिकडची मुलं आपल्याकडे शिकायला येतात, आपण तिकडे जाऊन काय दिवे लावणार? दुसरी बाजू लगेच मोबाइल पुढे करते. हिंदी महासागरावरचा सूर्योदय, किलिमांजारोच्या वाटेवरचे तंबू, सेरेंगेटीतला सिंह, आणि खाली ‘आयुष्य बदलून टाकणारं सेमिस्टर’ अशा थाटाची एखादी ओळ. पहिल्या बाजूला वाटतं, तिथे शिकण्यासारखं काही नाही. नीट पाहिलं तर दुसऱ्या बाजूलाही तसंच वाटतं. फक्त तिकिटाचे पैसे वसूल झाल्याचा आनंद तिला जास्त आहे. नाहीतर सिंह पाहायला विद्यापीठात नाव कशाला घालावं लागतं?

माझी भूमिका आधीच सांगतो. काही विषयांच्या मराठी विद्यार्थ्यांनी आफ्रिकेतल्या एखाद्या विद्यापीठात सहा महिने किंवा वर्षभर राहणं हे लंडन-मेलबर्नला जाण्यापेक्षा अधिक उपयोगाचं आहे. या म्हणण्यात साहसाचा वाटा जवळजवळ शून्य आहे. तिथे जाण्याचं कारण तिथे असलेल्या आणि दुसरीकडे नसलेल्या गोष्टीत शोधायला हवं, आणि ती गोष्ट हाताला लागते ती वर्गात, वसतिगृहात, खाणावळीच्या रांगेत. आफ्रिकेत ५४ देश आहेत आणि त्या सगळ्यांबद्दल एका दमात बोलणं हाच या वादातला निम्मा घोटाळा आहे, म्हणून मी मुख्यतः एकाच देशाबद्दल बोलतो. टांझानिया. झांझिबारही त्यातच येतं.

विरोधकांच्या मुद्द्यांपैकी जे खरे आहेत ते आधी मान्य करू. कर्ज काढून, पूर्ण पदवीसाठी, परत आल्यावर चांगल्या पगाराच्या नोकरीचा हिशोब मांडून कुणी जाणार असेल, तर जाऊ नये हेच बरं. केप टाउनसारखे थोडे अपवाद सोडले तर तिथल्या पदवीचं वजन आपल्याकडच्या मुलाखत घेणाऱ्याला कळत नाही, आणि त्याला समजावत बसणं हे बावीस वर्षांच्या मुलाचं काम नव्हे. वैद्यकीय शिक्षणाला तर आपल्या नियामकांच्या अटींची वेगळीच भिंत आहे. दुसरं, व्यत्यय येतात. प्राध्यापकांचे संप होतात; घानात २०२२च्या जानेवारीत सरकारी विद्यापीठांतल्या प्राध्यापकांनी संप केला होता. वीज जाते. झांझिबारला वीज मुख्य भूमीवरून समुद्राखालच्या केबलने येते, आणि ती बिघडल्यामुळे २००९च्या डिसेंबरपासून जवळपास तीन महिने बेट अंधारात होतं. तिसरा मुद्दा सगळ्यांत गंभीर आहे, आणि फोटो दाखवणारे तो नेमका गाळतात: राजकारण. ऑक्टोबर २०२५च्या निवडणुकीच्या वेळी टांझानियात रस्त्यांवर रक्त सांडलं, दारेसलाम या देशातल्या सगळ्यांत मोठ्या शहरात संचारबंदी लागली, देशभर इंटरनेट बंद झालं आणि विद्यापीठं उघडणं पुढे ढकललं गेलं. नाशिकमध्ये बसलेल्या आईला त्या दिवसांत मुलीचा फोन लागला नसता. या काळजीला ‘पूर्वग्रह’ म्हणून उडवून लावणारा माणूस मला तरी बेजबाबदार वाटतो.

पण या मुद्द्यांतून निघणारा निष्कर्ष ‘कधी जावं, किती काळ जावं, कशासाठी जावं’ एवढाच आहे. ‘तिथे शिकण्यासारखं काही नाही’ हा त्यातून निघत नाही. तो निघतो क्रमवारीतून. जागतिक क्रमवारीत ते विद्यापीठ कुठे आहे, हा आपल्याकडे पहिला आणि बहुतेक वेळा शेवटचा प्रश्न असतो.

आता हाच प्रश्न उलटा करून पाहा. पुण्याला मराठी शिकायला येणारे अमेरिकी विद्यार्थी क्रमवारी पाहून येतात का? एलिनॉर झेलियट पेनसिल्व्हेनियाच्या विद्यापीठातून आल्या, त्या काळात डॉ. आंबेडकरांच्या चळवळीवर इंग्रजीत गंभीरपणे लिहिणारं फारसं कुणी नव्हतं. गेल ऑम्वेट बर्कलीहून आल्या, आणि महात्मा फुल्यांपासूनच्या ब्राह्मणेतर चळवळीवर त्यांनी जो प्रबंध लिहिला त्याच्याशिवाय आज त्या विषयावर पान हलत नाही. बर्कलीचं ग्रंथालय पुण्यातल्या कुठल्याही ग्रंथालयापेक्षा मोठं होतं. तरी त्या आल्या, कारण जे त्यांना हवं होतं ते बर्कलीत नव्हतं. ते एसटीत, वस्त्यांवर, सभांमध्ये, जुन्या मराठी नियतकालिकांच्या धुळीत होतं. त्यांच्या आईवडिलांनाही टायफॉइड, संप आणि भारनियमन यांबद्दल कुणीतरी सांगितलंच असेल. आपण या विदुषींचं कौतुक करतो ते बरोबरच आहे. मग त्यांनी जे केलं तेच आपल्या मुलीने दारेसलाममध्ये केलं, तर तो वेडेपणा कसा ठरतो?

‘पण तिथे अभ्यासण्यासारखं आहे तरी काय?’ हा प्रश्न पुण्यातून विचारला जावा, यात एक गंमत आहे. ऑक्टोबर २०२३मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मलेरियाच्या ज्या दुसऱ्या लशीची शिफारस केली, ती आर-ट्वेंटीवन लस ऑक्सफर्डमध्ये विकसित झाली आणि ती बनते पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये. चाचण्यांचा तिसरा टप्पा कुठे झाला? बुर्किना फासो, माली, केनिया आणि टांझानिया. टांझानियातलं केंद्र बागामोयोला, म्हणजे दारेसलामपासून गाडीने दोनेक तासांच्या अंतरावर. जगातल्या मलेरियाच्या रुग्णांपैकी दहातले नऊ जण आफ्रिकेत आहेत. साहजिकच मलेरियाबद्दलचं सगळ्यांत जिवंत ज्ञानही तिथे आहे: डास कोणत्या महिन्यात घरात जास्त येतो, मच्छरदाणी वाटूनही लोक ती मासेमारीला का वापरतात, लशीच्या तिसऱ्या मात्रेनंतर आई चौथ्या मात्रेसाठी परत येते की नाही. सूक्ष्मजीवशास्त्राचा किंवा सार्वजनिक आरोग्याचा पुण्यातला विद्यार्थी, ज्याच्या घरापासून काही किलोमीटरवर ती लस बाटलीत भरली जाते, तो हे शिकायला बॉस्टनला जातो आणि तिथले प्राध्यापक त्याला बागामोयोच्या आकडेवारीवर गृहपाठ देतात. यात नक्की कोण मागास आहे?

दुसरं उदाहरण पैशांचं. केनियात एम-पेसा, म्हणजे मोबाइलवरून पैसे पाठवण्याची सेवा, २००७ साली सुरू झाली. आपलं यूपीआय २०१६चं. साध्या बटणांच्या फोनवरून, बँकेत खातं नसलेल्या माणसाने गावाकडे पैसे पाठवणं ही पूर्व आफ्रिकेत आपल्या कितीतरी आधी रोजची गोष्ट झाली होती. आपल्या किती वाणिज्य महाविद्यालयांत हा धडा शिकवला जातो? गोव्यातल्या इतिहासाच्या विद्यार्थ्याला तर मोझांबिक परकं वाटायलाच नको, कारण १७५२पर्यंत त्या वसाहतीचा कारभार गोव्यातून चालत होता. आणि मलिक अंबर? खडकी वसवणारा, जमीनमहसुलाची घडी बसवणारा हबशी सरदार आपल्या शाळेच्या पुस्तकात असतो, पण तो जिथून आला त्या इथिओपियाचा इतिहास अदिस अबाबात बसून शिकलेला मराठी इतिहासकार शोधायला गेलो तर दमछाक होईल.

आता फोटोवाल्या बाजूकडे वळतो, कारण तिचं नुकसान अधिक सूक्ष्म आहे. साहसाच्या गोष्टीत यजमान माणसांना दोनच भूमिका मिळतात: वाटाड्याची किंवा हसऱ्या गरिबाची. गोऱ्या प्रवाशांनी शंभर-दीडशे वर्षं आपल्याबद्दल नेमकं असंच लिहिलं. वाघ, गारुडी, महाराजे, कॉलरा. त्या वर्णनांत शाळामास्तर नसतो, वर्तमानपत्राचा संपादक नसतो, कायद्याचा अभ्यास करणारी मुलगी नसते. आजही कुणी परदेशी मुलगा धारावीत कॅमेरा घेऊन फिरला की आपल्या पोटात दुखतं. मग आपण मसाई माणसाच्या शेजारी उभं राहून काढलेला फोटो कोणत्या वेगळ्या नियमाने पवित्र होतो? महिनाभर अनाथाश्रमात मुलांना इंग्रजी शिकवून येण्याचे जे ‘कार्यक्रम’ विकले जातात, त्यांबद्दल तर बोलायलाच नको. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षातल्या मुलाला इथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत कुणी शिकवू देईल का?

साहसाचा पडदा बाजूला केला की दिसतं ते विद्यार्थ्याचं साधं जगणं, आणि मला तरी तेच जास्त रंजक वाटतं. दारेसलाम विद्यापीठ शहराच्या मध्यापासून दूर, एका टेकडीवर आहे. त्याला म्लिमानीच, म्हणजे ‘टेकडीवर’, म्हणतात. तिथे जायचं तर दलादला, म्हणजे खच्चून भरलेली खासगी मिनीबस, दारात लोंबकळणारा वाहक आणि त्याची आरोळी. नाहीतर तीनचाकी बजाजी. आकुर्डीच्या कंपनीचं नाव तिथे रिक्षेचंच नाव होऊन बसलंय. दुपारी भात आणि घेवड्याची उसळ, वली माहारागे, किंवा उगालीचा, म्हणजे शिजवलेल्या मक्याच्या पिठाचा, गोळा. चपाती मिळते, पण ती आपल्या पोळीपेक्षा पराठ्याच्या जवळची, तेलात पदर सुटलेली. सहा महिन्यांनी बटाट्याच्या काचऱ्या घातलेलं ऑम्लेट, चिप्सी मायाई, हे रात्रीच्या अभ्यासाचं अधिकृत अन्न वाटू लागतं. खोलीतल्या विजेचा मीटर लुकूचा, आधी पैसे भरायचे, मोबाइलवर आलेला वीस आकडी क्रमांक मीटरमध्ये टाकायचा. परीक्षेच्या आदल्या रात्री तो संपतो आणि मग कुणाची पाळी होती यावर भांडण होतं. झांझिबारमध्ये रमजानच्या महिन्यात दिवसा खानावळी बंद. रस्त्यावर चालता चालता बिस्कीट तोंडात टाकणंही बरं दिसत नाही, हे पहिल्याच दिवशी कळतं.

आणि मुलांची भाषा. सरकारी शिक्षणकर्जाचा हप्ता खात्यात आला की ‘बूम’ आलं. त्या आठवड्यात खाणावळीत गर्दी वेगळी, महिनाअखेरीस वेगळी. परीक्षेत फार विषय गेले आणि नाव कमी झालं की तो ‘डिस्को’ झाला. गुणांपैकी ४० टक्के वर्षभराच्या कामाचे, ६० टक्के अंतिम परीक्षेचे, म्हणून शेवटच्या महिन्यात झेरॉक्सच्या दुकानासमोर रांगा. हे वाचताना कुणाला आपलं महाविद्यालय आठवत नाही? ज्याला तिथे पोहोचल्यावर हे ओळखीचं वाटतं, त्याच्यासाठी ‘आफ्रिका’ नावाची चित्रातली जागा संपते आणि एक शहर सुरू होतं.

या ओळखीच्या जगात एक गोष्ट मराठी विद्यार्थ्याला विशेष टोचेल, असं मला वाटतं. टांझानियात प्राथमिक शाळा स्वाहिलीत, माध्यमिकपासून सगळं इंग्रजीत. वर्गात प्राध्यापक इंग्रजीत बोलतो, मुलं इंग्रजीत टिपणं घेतात, आणि बाहेर झाडाखाली तोच धडा स्वाहिलीत एकमेकांना समजावतात. २०१५मध्ये सरकारने वरच्या शिक्षणातही स्वाहिलीला वाट देणारं धोरण जाहीर केलं, पण वर्ग इंग्रजीतच राहिले. पालकांना इंग्रजी हवी आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेतून सिनियर कॉलेजात आलेल्या मुलाला हे चित्र समजावून सांगावं लागणार नाही. मात्र त्याला तिथे एक फरकही दिसेल. ती भाषा देशाची आहे, एका प्रांताची नाही. संसद तिच्यात चालते आणि सव्वाशे जमातींचे लोक ती बोलतात. इंग्रजी माध्यमाबद्दलच्या आपल्या वादात ‘भाषेला राज्याश्रय मिळाला की प्रश्न सुटतो’ हे जे गृहीत धरलं जातं, त्याची इतकी चांगली तपासणी दुसरीकडे कुठे करता येईल? टोरांटोत तर नक्कीच नाही.

‘तिथल्या विद्यापीठांना परंपरा नाही’ असंही म्हटलं जातं. दारेसलामची परंपरा १९६१पासूनची आहे हे खरं, पण तिच्यात काय काय भरलंय ते पाहा. ऑक्टोबर १९६६मध्ये सक्तीच्या राष्ट्रसेवेविरुद्ध विद्यार्थ्यांनी मोर्चा काढला. पदवीनंतर ठरावीक काळ पगाराच्या ४० टक्क्यांवर काम करायचं, हे त्यांना मंजूर नव्हतं. राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्यरेरे यांनी त्यांचं ऐकून घेतलं, संतापले, तीनशेहून अधिक विद्यार्थ्यांना घरी पाठवलं, आणि त्याच भाषणात स्वतःचा पगार २० टक्क्यांनी कापला. कर भरणाऱ्या शेतकऱ्याच्या पैशावर शिकलेल्याने त्याला परत काय द्यायचं, हा प्रश्न त्यांनी असा चव्हाट्यावर आणला. मुलांना हाकलून देणं मला पटत नाही. पण या प्रश्नाला तोंड देताना स्वतःच्या खिशाला हात घालणारा सत्ताधारी आपल्याकडे किती वेळा दिसला? पुढची काही वर्षं हे विद्यापीठ म्हणजे अख्ख्या खंडाचं चर्चापीठ होतं. गयानाचा इतिहासकार वॉल्टर रॉडनी तिथे शिकवत होता, युरोपने आफ्रिकेला मागास कसं ठेवलं यावरचं त्याचं पुस्तक १९७२मध्ये तिथूनच निघालं. युगांडाचे पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले योवेरी मुसेवेनी तिथे विद्यार्थी होते. घराण्याने भारतीय असलेले इसा शिवजी तिथेच शिकले आणि तिथेच कायद्याचे प्राध्यापक झाले. तो विद्यार्थी मुसेवेनी पुढे चार दशकं सत्तेला चिकटून बसला, हाही त्याच परंपरेचा धडा आहे.

शिवजींच्या नावावरून मी सगळ्यांत अवघड मुद्द्याकडे येतो. ‘आफ्रिकेत भारतीयांना आपलंसं मानत नाहीत’ हे वाक्य पालकांकडून ऐकू येतं आणि त्यामागे इतिहास आहे. जानेवारी १९६४च्या झांझिबारच्या क्रांतीत अरबांबरोबर भारतीय वंशाचे लोकही मारले गेले, हजारोंनी पळाले. १९७२मध्ये हुकूमशहा इदी अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांना देश सोडायला ९० दिवसांची मुदत दिली. हे घडलं, आणि क्रौर्याला सबब नसते. पण त्याआधीची बाजू वाचणं आपण टाळतो. वसाहतीच्या रचनेत गोरा वर, काळा खाली आणि मधल्या पायरीवर दुकानदार, कारकून, सावकार म्हणून आपण. शाळा वेगळ्या, दवाखाने वेगळे, वस्त्या वेगळ्या. ती मधली पायरी आपल्याला आवडली होती. घानाच्या विद्यापीठात २०१६मध्ये गांधीजींचा पुतळा बसला, तेव्हा तिथल्या प्राध्यापकांनी गांधींच्या दक्षिण आफ्रिकेतल्या सुरुवातीच्या लिखाणातले काळ्या लोकांबद्दलचे उल्लेख समोर ठेवले. २०१८च्या डिसेंबरमध्ये पुतळा हलवला गेला. इथे बसून आपण दुखावलो. तिथे वर्गात बसलेल्या भारतीय विद्यार्थ्याला दुखावून भागणार नाही, त्याला ते उतारे वाचावे लागतील, आणि गांधी पुढे कसे बदलले हे पुराव्यानिशी मांडावं लागेल. याला मी शिक्षण म्हणतो.

आपल्याच परंपरेत दुसरा धागाही आहे, तो मात्र आपण विसरलो. महर्षी कर्वे १९३०च्या डिसेंबरमध्ये, वयाच्या बहात्तरीत, आफ्रिकेच्या दौऱ्यावर निघाले. मोंबासा, युगांडा, टांगानिका (आजच्या टांझानियाची मुख्य भूमी), झांझिबार ते दक्षिण आफ्रिका असे पंधरा महिने महिला विद्यापीठासाठी निधी गोळा करत फिरले. म्हणजे मराठी मुलींच्या शिक्षणात पूर्व आफ्रिकेतल्या भारतीयांचा पैसा आहे. औंध संस्थानचे अप्पासाहेब पंत १९४८मध्ये भारताचे पहिले आयुक्त म्हणून नैरोबीला गेले, आफ्रिकी तरुणांना भारतात शिकायला शिष्यवृत्त्या मिळाव्यात म्हणून झटले, आणि आफ्रिकी नेत्यांशी इतके जवळ गेले की ब्रिटिशांच्या डोळ्यात खुपले. पाचगणीच्या शाळेत १९५०च्या दशकात झांझिबारहून आलेला एक पारशी मुलगा पियानो शिकला. जग त्याला रॉक गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखतं. ही ये-जा होती. पुढे ती एकाच दिशेची झाली, आणि त्या दिशेने आलेल्यांना आपण कसं वागवलं? २०१३मध्ये गोव्यात एका नायजेरियन माणसाच्या खुनानंतर वातावरण तापलं, तेव्हा राज्याच्या एका मंत्र्याने नायजेरियनांची तुलना कर्करोगाशी केली. २०१७मध्ये ग्रेटर नोएडात आफ्रिकी विद्यार्थ्यांना जमावाने मारलं. पुण्यात खोली शोधणाऱ्या आफ्रिकी विद्यार्थ्याला घरमालक फोनवर होकार देतो आणि दारात नकार देतो, हे ऐकायला दूर जावं लागत नाही. दारेसलामच्या बाजारात पाठीमागून ‘म्हिंदी’, म्हणजे ‘भारतीय’, अशी हाक ऐकलेला मराठी मुलगा परत आल्यावर घरमालकाच्या त्या नकाराकडे पूर्वीसारखं पाहू शकेल का? कदाचित पाहीलही. माणसं हट्टी असतात. पण ती शक्यता लंडनपेक्षा दारेसलामहून परतलेल्याच्या बाबतीत कमी आहे.

झांझिबारच्या आयआयटीबद्दल माझी तक्रार याच जागी आहे. आफ्रिकी विद्यार्थ्यांसाठी ती चांगली सोय आहे, त्याबद्दल वाद नाही. पण इथून गेलेला विद्यार्थी भारतीय प्राध्यापकांकडून, भारतीय अभ्यासक्रमातली विदाविज्ञानाची (डेटा सायन्सची) पदवी घेऊन, शनिवारी समुद्रकिनारी जाऊन परत येणार असेल, तर तो आफ्रिकेत शिकला असं कसं म्हणायचं? एक सक्तीचा स्वाहिलीचा वर्ग आणि बेटावरच्याच विद्यापीठात एक विषय, एवढं तरी ठेवायला काय हरकत आहे?

आणि खरा अडसर विद्यार्थ्यांच्या मनात आहे त्याहून जास्त नियमांत आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमांनुसार भारतीय संस्थेला परदेशी विद्यापीठाबरोबर संयुक्त किंवा दुहेरी पदवी चालवायची असेल, तर ते विद्यापीठ जागतिक क्रमवारीत पहिल्या हजारात हवं. आफ्रिकेतली बहुतेक विद्यापीठं या चाळणीत वरच्या वर अडकतात. अभियांत्रिकीसाठी ही अट समजू शकतो. पण स्वाहिली, उष्णकटिबंधीय रोग, हिंदी महासागराचा इतिहास यांसाठी तिचा अर्थ काय? या तीन-चार विषयांपुरती ती काढून टाकावी, आणि पुणे, मुंबई, गोवा विद्यापीठांनी दारेसलाम, युगांडातलं मकेरेरे, नैरोबी या विद्यापीठांशी एका सेमिस्टरचे करार करून तिथले श्रेयांक इथल्या गुणपत्रिकेवर धरावेत. सुरुवातीला वर्षाला दहा मुलं गेली तरी पुष्कळ. त्यांच्यासाठी शिष्यवृत्ती लागेल, राहण्याचा परवाना काढून देणारा एक कर्मचारी लागेल, आणि निवडणुकीसारख्या काळात त्यांना कधी परत बोलवायचं याचा निर्णय घेणारा एक शुद्धीवरचा माणूस लागेल.